अर्ध्या वर्षाची शाळा : हंगामी विस्थापन आणि मराठी आत्मकथन

१

मराठी समीक्षेत ‘विस्थापन’ ही संज्ञा गेल्या काही दशकांत चांगलीच रुळली आहे. फाळणी, धरणे, महानगराकडे वाहणारे लोंढे, भटक्या-विमुक्तांचे पालावरचे जगणे अशा परस्परभिन्न अनुभवांसाठी ती सरसकट वापरली जाते. संज्ञा जितकी सैल तितकी सोयीची. परंतु या सोयीपायी एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. विस्थापन म्हणजे स्थान सुटणे, हे आपण गृहीत धरतो. काळ सुटणे हाही विस्थापनाचा एक प्रकार असू शकतो आणि शाळकरी वयाच्या मुलाच्या बाबतीत तोच अधिक निर्णायक ठरतो, याची पुरेशी दखल आपल्या वाङ्मयचर्चेने घेतलेली नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण आणि मराठी आत्मकथन यांचा एकत्र विचार केला की हा भेद स्पष्ट होतो. त्यासाठी अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील सोनईचे उदाहरण घेऊ.

नेवासे तालुक्यातील सोनईच्या परिसरात मुळा धरणाचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्यापाठोपाठ शिक्षणसंस्था आणि महाविद्यालयही आले. हा क्रम नगर जिल्ह्याला नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याचे पहिले गळीत झाले. तेव्हापासून कारखाना आणि विद्यालय ही जोडी या भूभागाची ओळख बनली. साखरेच्या पैशातून शाळा उभी राहणे हे सहकाराचे निर्विवाद श्रेय आहे. प्रश्न उरतो तो ती साखर ज्यांच्या कोयत्याखालून येते त्यांच्या मुलांचा.

बीडमधील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, नगरमधीलच पाथर्डी आणि शेवगाव, तसेच चाळीसगाव, नांदगाव या कोरडवाहू भागांतून ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास नगर जिल्ह्यातील कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारणतः मार्च-एप्रिलपर्यंत, परत फिरत नाहीत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपते. ही दोन वेळापत्रके एकमेकांवर ठेवून पाहिली तर सारे काही उघड होते. मुलाच्या वाट्याला पहिले सत्र येते आणि दुसरे जाते. पुढच्या जूनमध्ये ते पुन्हा पहिल्या सत्रात बसते. दरवर्षी त्याला पुस्तकाचा पूर्वार्ध वाचायला मिळतो.

येथे स्थानाचे अंतर फार नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पाथर्डीचे मूल सोनईला येते तेव्हा त्याची भाषा बदलत नाही, जिल्हा बदलत नाही, लिपी बदलत नाही. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीमुळे मराठी शाळांतील पाठ्यपुस्तकही तेच असते. तात्त्विकदृष्ट्या पाहता, त्याने मागे सोडलेला धडा त्याच आठवड्यात सोनईच्या वर्गात कुणीतरी मोठ्याने वाचत असते. तरीही ते मूल त्या वर्गात नसते. कारण तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते, मोळ्या बांधून गाडी भरायची वेळ दिवस-रात्र पाहत नाही, कोपी कधी कारखान्याच्या तळावर तर कधी शाळेपासून दूरच्या फडाकडेला असते आणि फड संपला की टोळी पुढच्या शिवारात जाते. आई-बाप फडात असताना धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागते. ते काम बहुधा मोठ्या बहिणीकडे येते. शाळा दिसते, तिची घंटाही ऐकू येते. तिचा दिवस मात्र या मुलाच्या दिवसाशी कुठेच जुळत नाही.

२

निर्वासितांविषयीचे जागतिक चिंतन या मुलाला कोठे ठेवते? विसाव्या शतकातील या चिंतनाचा पाया सीमारेषेवर रचलेला आहे. हाना आरेन्ट यांनी १९४३ मध्ये निर्वासितांच्या स्थितीवर लिहिले ते राज्य गमावलेल्या माणसाविषयी. एडवर्ड सैद यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात हद्दपारीचा विचार केला तो मायभूमी आणि स्वत्व यांच्यातील भेगेच्या संदर्भात. निर्वासितांच्या दर्जाविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात प्राथमिक शिक्षणाबाबत निर्वासितांना स्वदेशीय नागरिकांइतकीच वागणूक द्यावी, असे बाविसावे कलम सांगते. भारत या कराराचा सदस्य नाही, हा भाग वेगळा. महत्त्वाचे हे की, या साऱ्या विचारात सीमा ओलांडणारा माणूस केंद्रस्थानी आहे आणि त्याची मागणी ‘मला नागरिकासारखे वागवा’ अशी आहे. ऊसतोड कामगाराचे मूल नागरिकच आहे. त्याला नागरिकासारखेच वागवले जाते आणि तरीही शाळा त्याच्या हाती लागत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन उदाहरणे हा विरोध अधिक ठळक करतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्या छावणीत शाळा होत्या आणि मुले पोलिश भाषेत शिकत होती. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनीही, पुढे उल्हासनगर म्हणून ओळखल्या गेलेल्या वस्तीत, आपल्या शाळा उभारल्या. या दोन्ही समूहांची हानी भीषण होती. तिची बरोबरी येथे अभिप्रेत नाही. परंतु त्यांचे विस्थापन इतरांना दिसत होते. त्याला आरंभ होता, नाव होते, छावणी होती, गणती होती. एका जागी वर्षानुवर्षे थांबावे लागल्यामुळेच त्या मुलांना शाळेचे सलग वर्ष मिळू शकले.

धरणग्रस्तांचेही थोड्याफार फरकाने असेच. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये कायदा केला. तो कितपत अमलात आला हा वादाचा विषय असला तरी ‘प्रकल्पग्रस्त’ ही ओळख कागदावर आली. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) या कादंबरीचा विषय नेमका हा कागद आणि माणूस यांच्यातील झगडा आहे. त्या कादंबरीच्या केंद्रस्थानी खैरमोडे गुरुजी हे शिक्षक आहेत, ही गोष्ट सूचक आहे. गाव बुडताना गावाचे भान ठेवणारा माणूस म्हणून लेखकाला शिक्षक आठवतो. म्हणजे शाळा हे गावाच्या सातत्याचे रूप ठरते. हंगामी विस्थापनात गाव बुडत नाही. ते सहा महिने म्हाताऱ्यांच्या स्वाधीन असते आणि सहा महिन्यांनी पुन्हा भरते. नाट्यपूर्ण अंत नसल्यामुळे या विस्थापनाला कादंबरीची परिचित रचनाही लाभत नाही.

३

आता आत्मकथनाकडे वळू. १९७८ साली आलेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’पासून मराठीत आत्मकथनांची जी परंपरा उभी राहिली, तिच्यात शाळा ही केवळ एक घटना नाही, ती निवेदनाची अट आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) बिऱ्हाड गाढवांवर लादून गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबातील बाप मुलाला शिकवण्याचा हट्ट धरतो. दादासाहेब मोरे यांच्या ‘गबाळ’मध्ये (१९८३) पिंगळा जोशी समाजातील मुलाच्या शिक्षणाची ओढ आणि पालाचा प्रवास यांची सतत ओढाताण चालते. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) मूल शाळेत जाऊ लागल्यावर वस्तीत आलेल्या आजारपणाचा दोष त्याच्या शाळेवर ढकलला जातो. शाळेविषयीचा समूहाचा संशय, गावाचा तिरस्कार आणि या दोहोंमधून वाट काढणारे मूल, हा या आत्मकथनांतील एक सामाईक आकृतिबंध म्हणता येईल.

मिखाईल बाख्तीन यांच्या स्थलकालाच्या संकल्पनेचा आधार घेतला तर असे दिसते की, या आत्मकथनांत ‘वाट’ आणि ‘उंबरठा’ हे दोन स्थलकाल एकमेकांत गुंफलेले आहेत. पालाची वाट संपत नाही. शाळेचा उंबरठा मात्र एकदा ओलांडला की मागचे आणि पुढचे आयुष्य वेगळे होते. ‘बलुतं’मधील निवेदक मुंबईचा कावाखाना आणि धामणगाव यांच्यामध्ये हेलकावे खातो; त्याच्या शिक्षणाला स्थैर्य देणाऱ्या जागांत संगमनेरचे बोर्डिंग येते. बोर्डिंग हे वाटेवरून उचलून उंबरठ्याच्या आत ठेवणारे स्थळ आहे. या परंपरेतील कितीतरी लेखक वसतिगृहांतून घडले, ही निव्वळ चरित्रात्मक नोंद नव्हे. हा वाङ्मयप्रकार कसा शक्य झाला, हेच तिच्यातून कळते.

अडचण येथेच आहे. आत्मकथन लिहितो तो उंबरठा ओलांडलेला माणूस. निवेदक ‘मी’ आणि अनुभव घेणारे मूल यांच्यातील अंतर शिक्षणाने निर्माण झालेले असते. हे अंतर नसेल तर लेखनच संभवत नाही. त्यामुळे शाळेत अडखळलेल्या मुलाची प्रत्येक कहाणी आपल्यापर्यंत पोचते ती शेवटी न अडखळलेल्या मुलाकडून. वाचक म्हणून आपण उपासमार, अपमान, मार यांतून जात असतानाही आपल्याला एक छुपा दिलासा असतो : ज्या अर्थी हे पुस्तक हातात आहे त्या अर्थी हे मूल वाचले. या दिलाशाची चिकित्सा आपल्या समीक्षेने क्वचितच केली. ‘अनुभवाची अस्सलता’ हा निकष आपण इतका मध्यवर्ती मानला की, कोणता अनुभव लेखनापर्यंत पोचूच शकत नाही हा प्रश्न मागे पडला.

ऊसतोडीच्या जगातून आलेले लेखन नाही असे नव्हे. योगीराज बागूल यांचे ‘पाचट’ हे आत्मकथन या जगाला शब्द देते आणि म्हणून मोलाचे आहे. परंतु तेही चक्राबाहेर पडलेल्या माणसाचे लेखन आहे आणि ते तसेच असणे अपरिहार्य आहे. चक्रात असलेल्या मुलाचा काळ उंबरठ्याचा नसतो. बाख्तीन यांनी कादंबरीतील चक्राकार काळाचे वर्णन करताना म्हटले आहे की, त्यात घटना नसतात, नुसत्या पुनरावृत्ती असतात. पाचवीच्या वर्गात तीनदा पहिले सत्र बसलेल्या मुलाच्या आयुष्यात ‘शाळा सुटली’ असा दिवस दाखवता येत नाही. ती हळूहळू, दरवर्षी थोडी, सुटत जाते. एके वर्षी त्याच्या हातात कोयता असतो आणि ते केव्हा झाले हे कुणालाच सांगता येत नाही. निवेदनाला घटना हवी असते. हे आयुष्य ती पुरवत नाही.

यात मुलीचा प्रश्न आणखी एका पदराने गुंतलेला आहे. पुरुषांच्या आत्मकथनांत भावंडे सांभाळणारी, चूल पेटवणारी बहीण पार्श्वभूमीला असते. ती तेथे आहे म्हणून भाऊ शाळेत जाऊ शकतो. विमल मोरे यांच्या ‘तीन दगडांची चूल’सारख्या लेखनाने ही पार्श्वभूमी पुढे आणली, तरी ऊसतोडीत कोयता जोडप्याच्या हिशेबाने मोजला जात असल्यामुळे मुलीचे लग्न लवकर उरकण्याचा एक व्यावहारिक दबाव असतो. ज्या वयात मुलाची शाळा हळूहळू सुटते त्या वयात मुलीची एकदम सुटते. तिच्या आयुष्यात घटना आहे, परंतु ती घटना सांगण्याचा अवकाश तिच्याजवळ उरत नाही.

४

जे मूल आत्मकथन लिहीत नाही ते कोणत्या संहितेत सापडेल? माझ्या मते, समीक्षेने येथे आपल्या संहितेची व्याख्या रुंदावली पाहिजे. निदान दोन दस्तऐवज आत्मकथनाशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत.

पहिला, मुकादमाची वही. तिच्यात कुटुंब ‘एक कोयता’ म्हणून नोंदले जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. कोयत्यामागे उचल किती, फिटली किती, उरली किती याचा हिशेब तिच्यात असतो. मूल या हिशेबात नसते. ते कोपीत असते, गाडीवर असते, वाढे गोळा करत असते, परंतु वहीत नसते. हत्याराने माणसाची जागा घेण्याची ही लक्षणा कोणा कवीने रचलेली नाही. ती व्यवहारात रुळली आहे आणि म्हणूनच अधिक प्रभावी आहे. श्रमाची भाषा मुलाला वगळते तेव्हा ते तिच्या दृष्टीने निरपराध वगळणे असते : जो तोडत नाही तो मोजला जात नाही.

दुसरा, शाळेचा हजेरीपट. येथे मूल नावानिशी असते. पूर्वी दीर्घ गैरहजेरीनंतर नाव कमी होत असे आणि ‘गळती’ या शब्दाखाली त्याची नोंद होई. या शब्दाचा विचार करण्यासारखा आहे. गळणे ही क्रिया गळणाऱ्याची असते. पान गळते, पाणी गळते. मूल शाळेतून गळाले असे म्हटले की ढकलणारा कोणी उरत नाही. ‘शाळाबाह्य’ हा नंतरचा शब्दही शाळेला केंद्रस्थानी ठेवून मुलाला परिघावर टाकतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, हे चित्र बदलले. वयानुरूप प्रवेश, एका शाळेतून दुसरीत जाण्याचा हक्क आणि दाखल्याअभावी प्रवेश न नाकारण्याची हमी या तरतुदी स्थलांतरित मुलांसाठी खरोखरच मोलाच्या आहेत. मात्र आठवीपर्यंत मागे न ठेवण्याच्या मूळ तरतुदीचा (तीत २०१९ मध्ये बदल झाला) एक अनपेक्षित परिणाम असा की, नाव पटावर राहते, वर्ग पुढे सरकतो आणि मूल मात्र फडात असते. पूर्वी मूल होते, नाव नव्हते. आता नाव आहे, मूल नाही. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर चिन्हक शिल्लक आहे आणि त्याने ज्याकडे निर्देश करायचा तेच जागेवर नाही. मुकादमाच्या वहीत अनुपस्थित असलेले मूल फडावर हजर असते. हजेरीपटात उपस्थित असलेले मूल वर्गात गैरहजर असते. या दोन संहिता एकमेकींशेजारी ठेवल्या तरच त्या मुलाचे सहा महिने वाचता येतात.

५

या मुलांसाठी जे प्रयत्न झाले त्यांच्या नावांतही एक अर्थव्यवस्था आहे. कारखान्याच्या तळावर हंगामापुरती भरणारी ती ‘साखरशाळा’. औरंगाबादच्या जनार्थसारख्या संस्थांनी अशा शाळा निष्ठेने चालवल्या. ठाणे जिल्ह्यात वीटभट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून तेथील ‘भोंगाशाळा’, दगडखाणीवर ‘पाषाणशाळा’. इतर शाळांना गावाचे, देवाचे किंवा थोर पुरुषाचे नाव असते. या शाळांना आई-बाप जे घडवतात किंवा जेथे राहतात त्याचे नाव मिळाले. नाव देणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता. पण भाषा आपले काम करतेच. शाळा मुलापर्यंत गेली, आणि जाताना तिनेही हंगामाचे वेळापत्रक स्वीकारले.

पुढे शासनाचा भर नियमित शाळांतील प्रवेशावर, मुलाच्या हाती देण्याच्या शिक्षण हमी पत्रकावर आणि गावीच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांवर आला. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. म्हणजे आत्मकथनांनी ज्या स्थळाची साक्ष दिली त्याच स्थळाकडे, बोर्डिंगकडे, धोरणही आले. हे योग्यच आहे. फक्त वाङ्मयाने एक साक्ष आणखीही दिली आहे : वसतिगृहातील मूल आई-बापापासून तुटते आणि ती तूट भरून न येणारी असते. मुलाला स्थिर ठेवण्यासाठी त्याला कुटुंबापासून वेगळे करणे, हाच एक उपाय उरावा इतके ते वेळापत्रक अढळ का मानले जाते, हा प्रश्न आत्मकथनांच्या वाचनातून धोरणापुढे ठेवता येतो.

समीक्षेने स्वतःच्या सवयींकडेही पाहावे. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’नंतर ‘जीवनाची शाळा’ हे रूपक आपल्याकडे फार स्वस्त झाले. सुर्व्यांनी ते स्वतःविषयी, कमावलेल्या अधिकाराने वापरले. समीक्षकाने ते दुसऱ्याच्या मुलाविषयी वापरणे म्हणजे न मिळालेल्या शाळेची भरपाई शब्दांनी करणे होय. १९८० नंतरच्या देशीवादी चर्चेतही माणूस आणि भूमी यांचे नाते मुळांच्या प्रतिमेतून मांडले गेले. ज्याचे अर्धे वर्ष पाथर्डीत आणि अर्धे सोनईत जाते त्याची देशी भूमी कोणती, हे त्या प्रतिमेला सांगता येत नाही. मूळ एका जागी धरते. हे मूल दोन्ही जागी अर्धे आहे.

शेवटी नेवाशाचा उल्लेख टाळता येत नाही. ज्या तालुक्यात सोनई आहे त्याच तालुक्यात मराठी वाङ्मयाचा पायाभूत ग्रंथ सांगितला गेला. परंपरा असे सांगते की, संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेली ती भावंडे शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणास गेली आणि परतीच्या वाटेवर नेवाशाला थांबली. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. या कथेचा वापर मुलांच्या हालअपेष्टांना उदात्त करण्यासाठी होऊ नये. प्रत्येक वाटसरू मूल ज्ञानेश्वर होत नाही आणि तशी अपेक्षा करणे क्रूर आहे. कथेतील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. ती मुले एक कागद मागायला चालत गेली होती, आणि नेवाशात त्यांना थांबता आले. ऊसतोड कामगाराच्या मुलाच्या हाती आज कागद आहे. शिक्षण हमी पत्रक आहे, कायदा आहे. थांबणे नाही.

म्हणून विस्थापनाच्या वाङ्मयीन विचारात काळाचे परिमाण आणणे हा केवळ संज्ञेच्या काटेकोरपणाचा मुद्दा नाही. स्थान गमावलेल्याला स्थान देता येते. काळ गमावलेल्या मुलाला तो परत देता येत नाही, कारण आठवे वर्ष एकदाच येते. आत्मकथनांचे वाचन आपण वाचलेल्यांच्या बाजूने फार केले. त्याच पानांतून न वाचलेल्यांची, म्हणजे न जगलेल्यांची आणि वाचायला न शिकलेल्यांचीही, चाहूल घेणे हे यापुढचे काम आहे. सोनईच्या परिसरात पुढच्या हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडेल तेव्हा पाथर्डीच्या कुठल्यातरी शाळेत दुसऱ्या सत्राचा पहिला धडा सुरू होत असेल. या दोन क्षणांना एकाच वाक्यात धरू शकणारी समीक्षा आपल्याकडे अजून व्हायची आहे.